पाचशेतल्या बत्तीस चकत्या

कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि पुढे पुढे तर नव्या माणसाला तिचं खरं नाव सांगायचंच राहून जाई. तिला त्याचं काही वाटत नसे. कुणी फारच चेष्टेवर आला तर ती म्हणे, "हो बाबा, दुर्बीणच. तुझ्या मशीनवरचं कालचं काम पाहिलंय मी. सांगू सगळ्यांना?" मग तो गुपचूप आपल्या कामाला लागे.

कारखाना लहान होता. चौतीस माणसं, रबर साच्यात दाबणारे सहा प्रेस, पत्र्याचं छप्पर, आणि भिंतींना, कपड्यांना, डब्यातल्या जेवणालासुद्धा चिकटलेला जळक्या रबराचा वास. स्वयंपाकाच्या गॅसचा जो रेग्युलेटर असतो, त्याच्या पोटात एक रबरी चकती बसते. त्या चकत्या इथे व्हायच्या. तळहातापेक्षा लहान, काळी, रस्त्यात पडली तर कुणी वाकून उचलणार नाही अशी वस्तू. पण तिच्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं की कुठल्यातरी स्वयंपाकघरात गॅस हळूहळू बाहेर येत राहतो. ते स्वयंपाकघर कुणाचं, हे चकती करणाऱ्याला कधीच कळत नाही.

दुर्बिणीचं काम सांगायला सोपं होतं. उत्तरेकडच्या खिडकीपाशी स्टूल टाकून बसायचं. एकेक चकती दोन अंगठ्यांवर ताणायची, उजेडाकडे धरायची, फिरवायची. उजेड आरपार आला की चकती लाल डब्यात. नाही आला की खोक्यात. दिवसाला दोन हजार चकत्या, आणि हे चोवीस वर्षं. तिच्या अंगठ्यांची कातडी इतकी निबर झाली होती की घरी गरम भांडं उतरवायला तिला फडकं लागत नसे.

तिचा हट्ट एकच होता. जे पाहिलं नाही त्याखाली सही नाही. एका खोक्यात पाचशे चकत्या असायच्या. पाचशेच्या पाचशे पाहून झाल्या की ती खोक्यात एक चिठ्ठी टाकी आणि चिठ्ठीवर सही करी. ती तापाने आडवी पडली तर माल तेवढे दिवस पडून राही. थोरले मालक, म्हणजे ज्यांनी हा कारखाना काढला ते, ट्रकवाल्याला सांगत, "बाई आल्या की या." ट्रकवाला शिव्या मोजत परत जाई.

कुणी न सांगता ती एक वहीही ठेवायची. शाळेच्या पोरांची असते तसली, रेघांची. तारीख, खोकी किती, वाईट किती, कशामुळे. 'बारीक भोक, चौथा प्रेस.' 'कड जाड, साचा झिजला.' ज्या दिवशी ती येत नसे, त्या तारखेपुढे दुसऱ्या दिवशी येऊन प्रामाणिकपणे लिही: 'आले नाही.' अशा बावीस वह्या भरल्या होत्या आणि तेविसावी चालू होती. त्या वाचून प्रेसवाले तिच्याशी भांडत आणि भांडून झालं की साचा दुरुस्त करत. कारखान्याचा दर्जा असा भांडणांवर उभा होता, आणि बरा उभा होता.

थोरले मालक गेले आणि धाकटे त्यांच्या खुर्चीवर बसले. धाकटे वाईट नव्हते, ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते विसरायला होईल. लहानपणी ते याच खिडकीत बसून लाल डब्यातल्या चकत्यांच्या गाड्या करायचे. तिला मावशी म्हणायचे. मोठे झाल्यावरही मावशीच म्हणत. तिचा नवरा वारला तेव्हा चार दिवस त्यांनी एक खोकं बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

मग सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. वर्ष संपायच्या आत दर्जा व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र मिळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडून चकत्या घेतो. हे गिऱ्हाईक गेलं असतं तर चौतीसपैकी वीस माणसं घरी बसली असती. धाकट्या मालकांची झोप उडाली, आणि झोप उडालेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. सल्लागार आणला.

सल्लागार चाकांची बॅग ओढत आला, म्हणून त्याचं नाव चाकंवाले साहेब पडलं. त्याने पहिल्याच दिवशी दुर्बिणीच्या स्टुलापाशी येऊन वही उचलली.

"ह्याला नंबर कुठाय?"

"कशाला?"

"वहीला, बाई. वहीला."

"वहीला कशाला हवा नंबर?"

"नंबर नाही, मंजुरी नाही, आवृत्ती नाही," तो म्हणाला. "आपल्या प्रणालीच्या दृष्टीने ही वही अस्तित्वातच नाही."

अस्तित्वात नसलेली ती वही आणि तिच्या आधीच्या बावीस त्याने एका पोत्यात भरल्या आणि जिन्याखालच्या कपाटात घालून कुलूप लावलं. प्रमाणपत्रासाठी तपासायला येणाऱ्या ऑडिटरच्या नजरेला पडल्या तर घोटाळा होईल म्हणाला. किल्ली त्याने स्वतःच्या बॅगेत टाकली.

पुढचे दोन महिने कारखान्यात चकत्या कमी आणि कागद जास्त तयार झाले. प्रत्येक खांबाला पाटी लागली. जमिनीवर पिवळे पट्टे आले. झाडू ठेवायच्या जागी 'झाडू' असं लिहिलं गेलं, आणि झाडू तिथे नसला की लेखी खुलासा. 'आमचे गुणवत्ता धोरण' म्हणून चार ओळी चौकटीत घालून दाराशी टांगल्या. ऑडिटर कुणालाही विचारेल, त्या पाठ हव्यात, असा हुकूम. भट्टीवरचा म्हातारा जेवताना घास हातात धरून पुटपुटायचा, "ग्राहकाचे समाधान, सातत्यपूर्ण सुधारणा..." आणि तिसऱ्या ओळीला अडकला की डबा बंद करून उठायचा. सगळे हसायचे. दुर्बीणही हसायची. त्यात तिला काही वावगं दिसत नव्हतं. चार ओळी चांगल्याच होत्या, एखाद्या चांगल्या माणसाने लिहाव्यात तशा.

घोडं अडलं ते नोंदींवर. प्रमाणपत्राला मागच्या दोन वर्षांच्या तपासणीच्या नोंदी लागत होत्या, छापील फॉर्मवर, रोजचा एक, खाली निरीक्षकाची सही. असे फॉर्म कारखान्यात कधी कुणी पाहिलेच नव्हते. चाकंवाल्या साहेबांना त्याची चिंता नव्हती. त्यांनी कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे आणि एक छापील कॅलेंडर आणून तिच्यापुढे ठेवलं.

"बसून भरून टाका. सुट्ट्या सोडून रोज एक. पाचशेत वाईट एक ते पाच दाखवायचे. शून्य दाखवलं तर खोटं वाटतं आणि दहा दाखवले तर घाबरतात."

"ते पाच नव्हते," ती म्हणाली. "कधी वीस असायचे, कधी तीस. वहीत आहे सगळं."

"वही नाहीये, बाई."

"मग मीही नाही सही करणार."

ती उठून स्टुलावर जाऊन बसली. साहेब तक्रार घेऊन मालकांकडे गेले. थोड्या वेळाने धाकटे मालक स्वतः खिडकीपाशी आले. पूर्वी बसायचे तसे खिडकीच्या कट्ट्यावर टेकले.

"मावशी, एक सांगा. तुम्ही गेल्या दोन वर्षांत एक तरी खोकं न बघता सोडलंत?"

"नाही."

"मग खोटं काय त्यात? बघितलंत तर सगळंच. फॉर्मवर लिहिलं नव्हतं, एवढंच. बघितलेलंच लिहायचंय."

तिने हातातली चकती पुन्हा उजेडाला धरली.

"मी काय म्हणतो, त्या वीस माणसांना उद्या तुम्ही सांगाल का, की एका सहीसाठी घरी बसा? मला तर सांगवणार नाही."

बघितलेलंच लिहायचंय, हे अगदी खरं होतं. चांगल्या माणसांना फसवायचं तर खरं तेच बोलावं लागतं, खोट्याने ती फसत नाहीत. मालकांना आपण फसवतोय हे कळत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं नसावं, आणि त्यांची चीड येते ती त्यामुळेच.

तिने फॉर्म भरले. तीन आठवडे, रोज जेवणाच्या सुट्टीनंतर कार्यालयातल्या मागच्या खोलीत बसून, दोन वर्षं भरली. साहेबांनी पाच पेनं दिली होती, निळी तीन, काळी दोन, महिन्यागणिक बदलायची. भरलेले फॉर्म ते स्वतः चुरगाळून सरळ करत आणि एखाद्या कोपऱ्याला मशीनच्या तेलाचा अंगठा लावत. कॅलेंडरवरची तारीख पाहायची, वर लिहायची. वेळ लिहायची. खोकं क्रमांक, पाचशे, वाईट तीन. सही. पुढची तारीख. पहिल्या दिवशी तिचा हात जड होता. चौथ्या दिवशी तो आपोआप चालायला लागला. चोवीस वर्षं एकच काम रोज दोन हजार वेळा करणाऱ्या हाताला त्याचं काय विशेष? वह्या हाताशी असत्या तर तिने चाळून पाहिल्या असत्या. पण वह्या अस्तित्वात नव्हत्या.

ऑडिटर आला तो साठीकडे झुकलेला, हळू बोलणारा, मऊ माणूस होता. प्रत्येकाला 'अहो-जाहो' करत होता. भट्टीवरच्या म्हाताऱ्याने धोरणाच्या चारही ओळी धडाधड म्हणून दाखवल्या तेव्हा त्याने मान डोलावून "वा" म्हटलं. पिवळे पट्टे पाहिले, झाडू जागेवर पाहिला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. चाकंवाले साहेब चहात तिसऱ्यांदा साखर घालून ढवळत बसले होते.

मग ऑडिटरने हजेरीपट मागितला.

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कारखान्यातल्या सगळ्या कागदांवर साहेबांचा हात फिरला होता, पण हजेरीपट पगाराचा असल्यामुळे तेवढा एक खरा राहिला होता. ऑडिटरने सावकाश पानं उलटली, तिच्या नावापुढच्या रजा शोधल्या, आणि एका तारखेवर बोट ठेवून तपासणीच्या फाइलमधून त्याच तारखेचा फॉर्म काढला. मग तिला बोलावून समोरच्या खुर्चीवर बसवलं. टेबलाच्या एका बाजूला मालक होते, दुसऱ्या बाजूला सल्लागार.

"ही सही तुमचीच?"

"हो."

"या दिवशी तुम्ही रजेवर होतात ना?"

तिने फॉर्म हातात घेतला. तारीख वाचली. पुन्हा वाचली. तारखेखाली वेळ होती, सव्वादहा. त्या दिवशी सकाळी सव्वादहाला दवाखान्यातल्या खाटेपाशी नर्सने तिच्या नवऱ्याच्या मनगटावरचा हात काढून घेतला होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं. तिनेही पाहिलं होतं, म्हणून वेळ तिला पक्की ठाऊक होती. कागदावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं की त्या वेळी तिने पाचशे चकत्या पाहिल्या आणि त्यातल्या तीन वाईट निघाल्या.

तिला लाज वाटली ती पकडलं गेल्याची नाही. ही तारीख आपण आपल्या हाताने लिहिली, आणि लिहिताना हात थांबला नाही, याची. ती त्या खुर्चीत बसली होती आणि तिला ओरडून रडावंसं वाटत होतं, ऑडिटरसमोर, मालकांसमोर, त्या साखर ढवळणाऱ्या माणसासमोर.

"तारीख लिहिताना चूक झाली असेल," चाकंवाले साहेब घाईने म्हणाले. "आदल्या दिवशीची..."

"तारीख बरोबर आहे," ती म्हणाली.

ऑडिटरने चष्मा काढला. "मग हा फॉर्म कुणी भरायला सांगितला होता का तुम्हाला?"

त्याने फार सभ्यपणे विचारलं. तिने मालकांकडे पाहिलं. मालक टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत होते, त्यात काहीतरी पडलं असावं तसे. बाहेर प्रेस धडधडत होते. सहाही चालू होते.

"नाही," ती म्हणाली. "माझी चूक."

ऑडिटरने ते लिहून घेतलं. 'गंभीर त्रुटी' असा त्याचा प्रकार होता. साठ दिवसांत मूळ कारण शोधा, उपाय करा, मग प्रमाणपत्र. जाताना तो तिला नमस्कार करून गेला.

त्या संध्याकाळी तिने घरी सांगितलं. घरात दोघीच होत्या, ती आणि तिची नणंद. नणंद जिभेची तिखट. भावजय हिरवी भाजी जरा जास्त शिजवते इथपासून तिच्या तक्रारी सुरू व्हायच्या, आणि नवरा गेल्यापासून दोघींचं भांडण हाच त्या घराचा आवाज होता. आज ती मधे एक शब्द न बोलता ऐकत राहिली.

"सव्वादहा लिहिलंस?"

"हो."

"दादा गेला तेव्हा तू चकत्या बघत होतीस."

"कागदावर."

"मग माझा हात कुणी धरला होता गं?" नणंद म्हणाली. "दिवसभर धरला होतास. संध्याकाळी सोडवेना म्हणून मीच सोडवला. ते कुठे लिहिलंय का कुणी?"

ती उठली, ताटं वाढली, आणि त्या रात्री भाजीबद्दल एक अक्षर बोलली नाही. दुर्बिणीला वाटलं, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मूळ कारण शोधण्याची एक पद्धत असते. पाच वेळा 'का' विचारायचं. चाकंवाल्या साहेबांनी फॉर्म आणला आणि मालकांच्या खोलीत सगळ्यांना बसवून एकेक 'का' मोठ्याने वाचला. नोंद चुकीची का झाली? निरीक्षकाने प्रत्यक्ष तपासणी न करता भरली. का? निरीक्षकाला नोंदींचं महत्त्व ठाऊक नव्हतं. का? निरीक्षकाला प्रशिक्षण नव्हतं. ती ऐकत होती. तिला वाटत होतं, तिसऱ्या नाही तर चौथ्या 'का'ला तरी हा माणूस स्वतःपाशी येईल, कॅलेंडरपाशी, पाच पेनांपाशी. निदान मालक तरी म्हणतील, एक मिनिट. चौथ्याला आलं, निरीक्षकाची नेमणूक अनुभवावर झाली, पात्रतेवर नाही. पाचव्याला आलं, निरीक्षकाचं औपचारिक शिक्षण सातवीपर्यंत.

पाच वेळा का विचारून ते तिच्या शाळेपर्यंत पोचले, पण टेबलाच्या पलीकडे गेले नाहीत.

उपाय: निरीक्षक बदलणे. सध्याच्या कर्मचाऱ्यास पॅकिंग विभागात घेणे. तपासणी मान्यताप्राप्त नमुना पद्धतीने करणे. खाली तिची सही हवी होती. तिने पूर्ण फॉर्म शब्दन् शब्द वाचला, आणि मग सही केली. हे निदान पाहून केलं, असं तिच्या मनात आलं.

"मावशी, पगाराला धक्का नाही लागणार," मालक म्हणाले. "आणि बसूनच काम आहे."

"हो ना," ती म्हणाली. "बसूनच आहे."

तिच्या जागी डिप्लोमा झालेला एक तिशीचा माणूस आला. कामसू होता, वेळेवर यायचा. पाचशेतल्या बत्तीस चकत्या काढायचा, बत्तीस पाहायचा, त्या बऱ्या निघाल्या की पाचशेवर शिक्का मारायचा. पुस्तकात तसंच आहे म्हणे. पुस्तक चुकीचं असेल असं मी म्हणत नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्याने आमचा चौथा प्रेस पाहिला नव्हता.

पॅकिंगचं टेबल दुसऱ्या टोकाला होतं, खिडकीपासून लांब. शिक्का मारलेल्या चकत्या मोजायच्या, पाचशे झाल्या की खोक्यात भरायच्या, पट्टी लावायची. पण बोटांना कोण सांगणार? चकती हातात आली की अंगठे आपोआप ताणायचे. टेबलावर ट्यूबलाइट होती, तिच्या उजेडातही दिसायचं. पहिल्याच खोक्यात तिला अठरा वाईट सापडल्या. ती त्या घेऊन डिप्लोमावाल्याकडे गेली.

त्याने चकती उजेडाला धरली आणि त्याचा चेहरा उतरला. "भोक आहे खरं," तो म्हणाला. "मावशी, पण मी पाचशे बघत बसलो तर माझे बाकीचे फॉर्म कोण भरणार? तुम्ही असं करा, रीतसर कळवा. फॉर्म आहे त्याला."

तिने तीन फॉर्म भरले. तिन्हींवर मीटिंग झाली. मीटिंगमध्ये ठरलं की पॅकिंगच्या कर्मचाऱ्यांना तपासणीचा अधिकार नाही, आणि त्यांनी तपासणी केल्यास कामाचा वेग घटतो. तो ठराव छापून तिच्या टेबलासमोर चिकटवला गेला. त्याला नंबर होता.

मग तिने बोलणं सोडलं. गुपचूप वाईट चकती बाजूला काढायची, रुमालात टाकायची, पुढच्या ढिगातली चांगली तिच्या जागी घालायची. संध्याकाळी घरी जाताना रुमाल रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत रिकामा करायचा. चोरी होती ती, दुसरं काय? चोवीस वर्षं सगळ्यांसमोर केलेलं काम ती आता चोरून करत होती. असे दोन महिने गेले. एका दिवशी ती तीन वाईट काढून बाजूला ठेवते न ठेवते तोच तिला गोदामात बोलावणं आलं. परत येईपर्यंत कुणीतरी मदत म्हणून ते खोकं बंद करून टाकलं होतं.

गिऱ्हाइकाकडून तक्रार आली. पाचशेऐवजी चारशे सत्त्याण्णव. इतक्या वर्षांत भोकाची तक्रार कधी आली नव्हती, आणि आता मोजणीची आली. कचऱ्यात टाकलेल्या रुमालभर चकत्यांचं तिने सांगितलं नाही, सांगून उपयोग नव्हता. लेखी ताकीद मिळाली: पुन्हा संख्या चुकल्यास कामावरून कमी करण्यात येईल. कागद कारकुनाने आणून दिला. सही मालकांची होती, मालक आले नव्हते.

नणंदेने ती ताकीद वाचली. घरभाडं दोघींच्या डोक्यावर होतं, आणि नणंदेचे गुडघे कधीच कामातून गेले होते. "हे बघ," ती म्हणाली, "जगातल्या सगळ्या शेगड्या तुझ्याच आहेत का? मोज आणि भर."

दुसऱ्या दिवसापासून दुर्बीण मोजू आणि भरू लागली. अंगठे ताणायला निघाले की ती मुठी मिटायची. चकत्यांकडे न पाहता मोजता येतं, हे तिला आठ दिवसांत जमलं. कठीण काहीच नव्हतं.

उपायाचे कागद पाहून प्रमाणपत्र मिळालं होतं. पाठपुराव्यासाठी ऑडिटर परत आला. उपाय लागू पडला का, हे पाहायचं होतं. दाराशी, धोरणाच्या चौकटीशेजारी, आता एक आलेख टांगला होता. बाद मालाचं प्रमाण पूर्वी पाचशेमागे पंचवीस. फॉर्मांच्याही आधीच्या वर्षांचा आकडा हवा होता म्हणून पोत्यातल्या वह्या त्यासाठी तेवढ्या बाहेर काढल्या होत्या. आता पाचशेमागे एक. रेघ डोंगरावरून उतरावी तशी खाली आली होती. ऑडिटरने चष्मा लावून ती पाहिली.

"उल्लेखनीय," तो म्हणाला. "प्रणाली रुजली की असा फरक पडतो."

धाकटे मालक हसले. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, आणि वीस माणसं घरी बसणार नव्हती हेही खरंच होतं.

मग ते सगळे पॅकिंगच्या टेबलापाशी आले. ऑडिटरने तिला ओळखलं. "कशा आहात?" म्हणाला, अगदी मनापासून. मग कर्तव्य म्हणून धोरण विचारलं. तिने चारही ओळी एका दमात म्हटल्या, ग्राहकाच्या समाधानापासून शेवटपर्यंत. तिच्या पुढ्यात खोकं होतं, चारशे नव्व्याण्णव भरल्या होत्या, आणि शेवटची चकती हातात होती. सगळे बघत होते म्हणून हात थांबलेला, आणि थांबलेल्या हातांत मुठी मिटायच्या राहून गेल्या, अंगठ्यांनी चकती ताणली. ट्यूबलाइटचा उजेड कडेजवळून आरपार आला. चौथा प्रेस.

"समजा, इथे तुम्हाला एखादी सदोष चकती आढळली," ऑडिटर म्हणाला, "तर तुम्ही काय कराल?"

मालक तिच्याकडे पाहत होते. डिप्लोमावाला जमिनीकडे पाहत होता. चाकंवाले साहेब नुसतेच ओठ हलवत होते, तिला उत्तर सुचवायला.

"ती वेगळी ठेवीन, लाल खूण करीन, पर्यवेक्षकांना कळवीन आणि फॉर्म भरीन," ती म्हणाली.

"अगदी बरोबर." त्याने वहीत बरोबरची खूण केली, आणि ते सगळे पुढे गेले. मालकांनी जाता जाता तिच्या खांद्याला हात लावला.

तिने चकती खोक्यात ठेवली. पाचशे. झाकण लावलं, पट्टी ओढली, वर प्रमाणपत्राच्या चिन्हाचं नवं लेबल चिकटवलं आणि अंगठ्याने चारी कडा नीट दाबल्या. मग पुढचं खोकं घेतलं.